मदत हवी आहे: कोकोपीट + सेंद्रिय खत, टोमॅटोची पानं पिवळी आणि फळांच्या बुडाला काळे डाग

मोगरा_मुलुंड:

नमस्कार. टोमॅटोची चार झाडं आहेत, वय साधारण ७० दिवस. मुलुंड, पाचवा मजला, आग्नेयेकडची गॅलरी, सकाळी साडेसातपासून एक-दीडपर्यंत थेट ऊन.

पिशव्या १२ बाय १२ इंचाच्या. ५ किलोची कोकोपीटची वीट एकदाच पाण्यात फुगवली, पिळली आणि वापरली. त्यात १० टक्के गांडूळखत आणि पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. फुलं लागल्यापासून आठवड्यातून दोनदा केळ्याच्या सालींचं पाणी आणि पंधरा दिवसांनी एकदा दोन चमचे लाकडाची राख. पाणी रोज एक लिटर, महापालिकेचं. खाली ताटल्या आहेत.

आता खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा झालाय, काही पानांच्या कडा करपल्यात. पहिल्या घोसातल्या पाच फळांपैकी तीन फळांच्या बुडाला काळपट, चपटा, चामड्यासारखा डाग आहे. वरच्या थरावर पांढरी पूड दिसते आणि बारीक काळ्या माश्या उडतात. रासायनिक खत टाळायचं आहे. कोणतं सेंद्रिय खत वाढवू?

परसबाग७:

डाग म्हणजे कॅल्शियमची कमतरता. अंड्यांच्या टरफलांची पूड घाला, प्रत्येक पिशवीत दोन चमचे. ताकही चालतं.

कुंडीकर:

मोगराताई, तूर्त कोणतंच खत वाढवू नका. आधी एक मोजमाप हवं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, दाखवणारं) असेल तर असं करा: सकाळी नेहमीसारखं पाणी घालून अर्धा तास थांबा. मग ताटलीतलं पाणी ओतून टाका, पिशवीत वरून सगळीकडे सावकाश ४०० मिली साधं पाणी घाला आणि खाली जे पहिलं ५० मिली गळेल ते मोजा. नळाच्या पाण्याचाही आकडा द्या.

टरफलांबद्दल: ती कॅल्शियम कार्बोनेट असतात. सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास असेल तर ती विरघळायला महिने लागतात. पुढच्या हंगामाच्या मिश्रणात घाला, या फळांना त्यांचा उपयोग नाही. ताकातून येणारं कॅल्शियम नगण्य, माश्यांना मात्र मेजवानी.

मोगरा_मुलुंड:

नळाचं पाणी ६५ पीपीएम. चार पिशव्यांचे आकडे १८५०, १७२०, १९१०, १८००. मीटर नवीन आहे.

कुंडीकर:

मग झाडं उपाशी नाहीत, त्यांच्या मुळांशी नको ते क्षार साठलेत.

नारळाची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवतात. त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि क्लोराइड असतं. पोटॅशियम तर नारळाच्या काथ्यात मुळातच भरपूर. आता यातला महत्त्वाचा भाग: कोकोपीटच्या कणांवर ऋणभार असतो आणि त्यावर हे सोडियम-पोटॅशियम चिकटून बसलेलं असतं. पाण्यातून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम आलं की कण ते धरून ठेवतात आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम पाण्यात सोडतात. म्हणजे जे झाडाला हवंय ते माध्यम गिळतं आणि जे आधीच जास्त आहे ते मुळांना मिळत राहतं. त्यात तुमचं पाणी ६५ पीपीएमचं. भातसा-तानसा-वैतरणाचं पाणी म्हणजे तलावात साठलेला पाऊस, अगदी मृदू. त्यातून कॅल्शियम फारसं येत नाही. (टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. ते खारट निघू शकतं, तेव्हा दर वेळी मोजायचं.)

केळ्याची सालं आणि राख, दोन्हींत मुख्यत्वे पोटॅशियम. राखेने सामूही चढतो. फुलावर आलेल्या झाडाला पोटॅश द्या हा सल्ला मातीसाठी बरोबर आहे, न धुतलेल्या कोकोपीटमध्ये तोच घातक ठरतो. जास्तीचं पोटॅशियम मुळांत मॅग्नेशियमची वाट अडवतं. जुन्या पानांच्या शिरांमधला पिवळेपणा त्यातून येतो, कारण झाड जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून नव्या पालवीला देतं. कडा करपतात त्या क्षारांनी.

निशिगंध:

कुंडीकरकाकांशी सहमत. आता धुवायचं कसं ते लिहिते.

पिशवी मोरीत न्या. गॅलरीत हे करू नका, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडं पाणी गळेल. भिजलेली पिशवी १२-१५ किलोची होते. झाड काठीला नीट बांधलेलं असू द्या आणि दोघांनी उचला. मग नळाचं साधं पाणी झारीने, एका वेळी ५-६ लिटर, मध्ये दहा मिनिटं थांबत. एका पिशवीला एकूण ३०-४० लिटर लागेल. एकदम बादली ओतली तर पाणी कडेने निघून जातं आणि मधला गोळा तसाच राहतो. गळणारं पाणी ५०० पीपीएमच्या खाली आलं की थांबा.

शेवटी जिप्समचं पाणी: एका लिटरला १.५ ग्रॅम शेतीचं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि १ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), पिशवीमागे ४ लिटर. जिप्सम सावकाश विरघळतं, म्हणून रात्रीच बादलीत टाकून चार-पाच वेळा ढवळा. लिटरमागे दोन-सव्वादोन ग्रॅमच्या पुढे ते विरघळतच नाही, तळाशी बसतं. त्यात कॅल्शियम साधारण २३ टक्के, म्हणजे दीड ग्रॅममागे लिटरला सुमारे ३५० मिलिग्रॅम. कृषी सेवा केंद्रात किंवा मोठ्या नर्सरीत मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातलं पीओपी आणू नका. ते भाजलेलं जिप्सम असतं आणि पाणी लागलं की दगड होतो.

एक सूचना: जिप्समचं पाणी स्वतःच बराच मोठा आकडा दाखवतं. ते दिल्यावर लगेच मोजून "पुन्हा क्षार वाढले" म्हणून परत धुऊ नका. कॅल्शियम आणि सल्फेटचा तो आकडा आहे. सोडियम-पोटॅशियम कोणतं आणि कॅल्शियम कोणतं हे मीटरला कळत नाही.

मोगरा_मुलुंड:

उद्याच करते. दोन शंका. डाग पडलेली फळं बरी होतील का? आणि कॅल्शियमची फवारणी केली तर लवकर फरक पडेल का?

निशिगंध:

डाग पडलेलं फळ सुधारत नाही, काढून टाका, झाडाची ताकद वाचेल. फळ बोराएवढं असतानाच आतली पेशी मरते, डाग नंतर दिसतो. त्यामुळे धुतल्यानंतरही पुढचे पंधरा दिवस आधीच धरलेली एखाद-दोन फळं खराब निघतील. नव्याने धरलेल्या फळांवरून ठरवा.

फवारणीचा फायदा पानाला, फळाला नाही. कॅल्शियम मुळांकडून वर जाणाऱ्या पाण्याबरोबरच चालतं, पानातून मागे फिरून फळात येत नाही. पानं बाष्प बाहेर टाकतात म्हणून पाणी त्यांच्याकडे धावतं, फळाकडे कमी जातं. म्हणूनच एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की डाग वाढतात. मॅग्नेशियमची फवारणी मात्र लागू पडते: ५ ग्रॅम एप्सम सॉल्ट एका लिटरला, ऊन उतरल्यावर, आठवड्यातून एकदा, तीन वेळा. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होणार नाहीत, पण पिवळेपणा वर चढायचा थांबेल.

परसबाग७:

टरफलांबद्दल दुरुस्ती मान्य. मग धुतल्यावर नत्रही वाहून जाईल ना? शेंगदाणा पेंड भिजवून दिली तर?

कुंडीकर:

जाईल, आणि प्रश्न योग्य वेळी आला. पण पेंड बेताने. पेंडीतलं नत्र आधी अमोनियम होऊन सुटतं. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू कोकोपीटमध्ये सुरुवातीला फार कमी असतात, ते गांडूळखतातून यावे लागतात. तोवर अमोनियम मुळांशी कॅल्शियमशी स्पर्धा करतं, म्हणजे पेंडीनेच बुडाचे डाग वाढतात. हे पुष्कळदा लक्षात येत नाही आणि लोक पेंड वाढवत जातात.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त गांडूळखत: पिशवीमागे दोन मोठ्या मुठी वर पसरून त्यावर दोन सेंटीमीटर सुक्या पानांचं आच्छादन. त्यानंतर पेंड: १०० ग्रॅम दोन लिटर पाण्यात, फडकं बांधून तीन दिवस, दिवसातून दोनदा ढवळून. मलमलीतून गाळा. एका भागाला दहा भाग पाणी, पिशवीमागे अर्धा लिटर, आठवड्यातून एकदा. चोथा पिशवीत टाकू नका, माश्या त्यावरच अंडी घालतात. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वास इतका येतो की शेजारी दार वाजवतील.

पाणी: कोकोपीट वरून सुकं दिसतं तेव्हा खाली चिंब असतं. बोट दोन पेरं आत घाला किंवा पिशवी थोडी कलती करून वजन बघा. नोव्हेंबरच्या उन्हात एवढ्या झाडाला एक ते दीड लिटर लागेल, ढगाळ दिवशी निम्मं. क्षारयुक्त द्रव खतांवर कोकोपीट चालवणारे रोज १०-२० टक्के पाणी गळेपर्यंत देतात. ती पद्धत त्यांच्यासाठी बरोबर, कारण ते रोज नवं खत देतात. सेंद्रियात रोज गळू दिलं तर खतच निघून जातं. दोन पद्धतींची सरमिसळ करू नका. थेंबभर गळलं की पुरे.

ताटल्या काढा, पिशव्या दोन विटांवर ठेवा. गळलेलं क्षारांचं पाणी ताटलीतून पुन्हा वर शोषलं जातं, आणि त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच. काळ्या माश्यांसाठी वर एक सेंटीमीटर धुतलेली जाड वाळू पसरा (आच्छादन त्यावर) आणि पिवळी चिकट कार्डं झाडाच्या बुडाशी आडवी ठेवा. वरचा थर दोन दिवस सुकू दिला की अळ्या बऱ्याच मरतात.

मोगरा_मुलुंड:

दोन पिशव्या धुतल्या. एकीला ३५ लिटर लागलं, ४६०वर थांबले. दुसरीला ४०, आकडा ४८०. पाणी चहासारखं तांबडं निघालं. पुढच्या विटेसाठी प्रमाण सांगाल का?

निशिगंध:

तांबडा रंग टॅनिनचा (नारळाच्या काथ्यातलं नैसर्गिक रंगद्रव्य), काळजी नको.

नवी वीट: ५ किलोची वीट फुगल्यावर ६५-७० लिटर होते, म्हणून ड्रम मोठा घ्या किंवा वीट अर्धी कापा. फुगवून पिळा, पुन्हा पाणी, पुन्हा पिळा, पिळलेलं पाणी ३०० पीपीएमच्या खाली येईपर्यंत. मग १२० ग्रॅम जिप्सम ६० लिटर पाण्यात विरघळवून त्यात २४ तास बुडवून ठेवा, निथळा, एकदा हलकं साधं पाणी फिरवा. बुडवण्याआधी धुणं टाळू नका, नाहीतर जिप्सम खाऱ्या पाण्यातच वाया जातं.

२० लिटरच्या पिशवीला: हे कोकोपीट १० लिटर, मुरलेलं गांडूळखत ६ लिटर, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा भाताचं तूस ४ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम, हाडांचा चुरा ६० ग्रॅम, जिप्सम ३० ग्रॅम, ट्रायकोडर्मा (मुळांना उपयोगी बुरशीची पूड) १० ग्रॅम. हाडं नको असतील तर रॉक फॉस्फेट चालेल, पण ते अजून सावकाश लागू होतं. ओलसर करून गोणपाटाखाली तीन आठवडे ठेवा, आठवड्याला एकदा उलथा. मूठ दाबली की एक-दोन थेंब यावेत, धार नको. पहिल्या आठवड्यात मिश्रण गरम होईल. पेंडीचा वास जाऊन मातीसारखा वास येईपर्यंत रोप लावू नका.

कुंडीकर:

यात भर एवढीच: राख नको, पोटॅश कोकोपीटमध्ये आधीच आहे. उरलेल्या दोन पिशव्या धुऊन झाल्या की दहा दिवसांनी त्याच पद्धतीने मोजा आणि चारही आकडे इथे टाका. १२००च्या वर असतील तर पुन्हा धुवायला लागेल, पण निम्म्या पाण्यात भागेल.