सौरवादळ आपल्याकडेच येत आहे, हे आधी कसे कळते?

प्रश्न (परभणी)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो. मे 2024 च्या सौरवादळात लडाखमधील हान्ले येथून दिसलेल्या तांबड्या ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र वर्गात दाखवले, तेव्हा एका मुलीने विचारले की, पंधरा कोटी किलोमीटरवरून निघालेला वायू आपल्याच दिशेने येतो आहे, हे कोणी पाहिले? मला नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
करोनाग्राफ या दुर्बिणीत सूर्यबिंब तबकडीने झाकतात, म्हणजे खग्रास ग्रहणासारखे भोवतालचे प्रभामंडळ दिसते. 1995 मध्ये सोडलेले ‘सोहो’ यान हेच काम करत आले आहे. प्रभामंडळातून सुटलेला वायूचा लोट आपल्याकडे येत असेल, तर तो बिंबाभोवती कड्यासारखा पसरताना दिसतो. मात्र समोरून येणाऱ्या बैलगाडीचा वेग जसा अदमासता येत नाही, तसेच येथेही होते. म्हणून पोहोचण्याच्या वेळेत दहा-बारा तासांची चूक सहज होते.

उत्तर (नांदेड)
मधल्या वाटेवरही लक्ष ठेवता येते, आणि मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. तारा लुकलुकतो आणि ग्रह स्थिर दिसतो, हे मुलांना ठाऊक असते. त्याच न्यायाने दूरच्या, आकाराने अतिशय लहान दिसणाऱ्या रेडिओस्रोतांचे (रेडिओलहरी सोडणाऱ्या खगोलांचे) संकेत सौरवाऱ्यातील, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहातील, घनतेच्या चढउतारांमुळे लुकलुकतात. एखाद्या दिशेचे स्रोत अचानक अधिक लुकलुकू लागले, तर तिकडून दाट लोट जात आहे असे समजते आणि लुकलुकण्याच्या लयीवरून वाऱ्याचा वेगही काढता येतो. उटीची 530 मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण 327 मेगाहर्ट्‌झवर ही निरीक्षणे करत आली आहे.

प्रश्नकर्ता
मग वादळ किती तीव्र असेल, हेही यावरून सांगता येते का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
खरी अडचण तेथेच आहे. लोटातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल, तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून ऊर्जा मोठ्या प्रमाणावर आत शिरते, आणि ही दिशा दुरून विश्वासाने वाचता येत नाही. ढग भरून आलेला दिसतो, पण आपल्या शिवारात पडेल की नाही हे कळत नाही, तशी ही स्थिती आहे. ती दिशा पृथ्वीपासून सूर्याकडे पंधरा लाख किलोमीटरवरील एल-1 बिंदूपाशी (जेथे यान सूर्य-पृथ्वीच्या रेषेजवळ टिकून राहते) असलेली याने मोजतात. आपले आदित्य-एल1 तेथे 6 जानेवारी 2024 रोजी पोहोचले. सेकंदाला 400 किलोमीटर वेगाचा वारा तेथून तासाभरात येतो, 800 चा अर्ध्या तासात. वीजवाहिन्यांवरील भार कमी करण्यास एवढा अवधी उपयोगी पडतो.