थ्री-जी (उभ्या जोडाचा) जॉब: रूट बेंडला प्लेट उघडते, करंट वाढवू का?

शिकाऊ_वेल्डर
आयटीआयला वेल्डर ट्रेड करतोय. १० मिमी एमएस प्लेट, ६० अंशांचा व्ही, गॅप २ मिमी, रूट फेस (व्हीच्या तळाची सपाट कड) अंदाजाने. रूटला (तळाच्या पहिल्या रनला) २.५ मिमीचा ६०१३ रॉड ९० अँपिअरवर, वरचे रन ३.१५ च्या ७०१८ ने, सगळं खालून वर. तुकडा वाकवून बघताना फेस बेंड (वरची बाजू ताणात) पास होतो, रूट बेंडला (मागची बाजू ताणात) प्लेट मधोमध उघडते. कॅपिंगला (सगळ्यात वरच्या रनला) कडेने अंडरकटही (प्लेटमध्ये खाच) येतो. निदेशक म्हणतात पेनिट्रेशन नाही, म्हणजे वेल्ड मागपर्यंत उतरत नाही. करंट अजून वाढवू का?

रूट_पास
नको. उभ्या जॉबला २.५ च्या रॉडसाठी ९० आधीच जास्त आहे, ७०–८० पुरे. गडबड फिटअपमध्ये (प्लेटा जुळवण्यात) आहे. रूट फेस अंदाजाने ठेवलास तर एका जागी १ मिमी, दुसऱ्या जागी ३ मिमी होतो. जिथे जाड तिथे आर्क मागपर्यंत पोहोचतच नाही. फाइलने दोन्ही प्लेटांचा फेस सारखा १.५ मिमी कर.

गॅपसाठी २.५ च्या रॉडचा फ्लक्स (बाहेरचा लेप) झाडून आतली तार यू आकारात वाकव आणि मध्ये धर. रॉडचा नंबर हा तारेचाच व्यास असतो, त्यामुळे माप बरोबर येतं. खालच्या टोकाला २.५, वरच्या टोकाला ३.१५ ठेव, कारण रन वर चढेल तसा गॅप आकसतो. दोन्ही टोकांना १५–२० मिमीचे टॅक (प्लेटा धरून ठेवणारे छोटे वेल्ड), आणि त्यांची आतली तोंडं ग्राइंडरने उतरती करून घे. तसेच ठेवलेस तर रूट नेमका तिथेच अडतो.

चालवताना कीहोलवर नजर हवी. साधारण ३–४ मिमीचं भोक सतत पुढे दिसलं पाहिजे. बंद झालं की मागे काही उतरत नाही, मग वरून रन कितीही देखणा दिसो.

ग्राइंडर_चार_इंची
वरचं पटलं. रॉड बदलतानाचा जोड राहिला. क्रेटर (रन थांबतो तिथला खड्डा) घासून उतरता कर, १० मिमी खाली आर्क मार, वर सरकत ये आणि कीहोल परत उघडला की मगच पुढे जा. बहुतेक रूट जोडावरच फुटतात. रूट झाल्यावर दोन्ही कडांच्या खाचेतला स्लॅग (फ्लक्सची कडक खपली) नुसत्या चिपिंग हॅमरने निघत नाही, पातळ व्हील फिरवावंच लागतं.

अंडरकट: मधून झपकन जा, कडेला क्षणभर थांब, आर्क आखूड ठेव. ३.१५ च्या ७०१८ ला उभ्यात ११० च्या आसपास ठेवून बघ.

शिकाऊ_वेल्डर
७०१८ सुरुवातीला चिकटतो आणि तिथेच बारीक ब्लो होल येतात. मशीन साधा ट्रान्सफॉर्मर आहे. अख्खा जॉब ६०१३ नेच केला तर?

रूट_पास
सरावाला चालेल. परीक्षेच्या जॉबला जो रॉड ठरलाय तोच लागेल. ट्रान्सफॉर्मरचं ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क पेटण्याआधीचं व्होल्टेज) कमी असेल तर ७०१८ चिकटणारच. रेक्टिफायर किंवा इन्व्हर्टर मिळत असेल तर डीसीवर, होल्डर पॉझिटिव्हला लाव. उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो. ओव्हनमध्ये ३००–३५० अंशांवर तासभर भाजून घे आणि लागेल तसा गरम डब्यातून काढ. आर्कही रन सुरू करायच्या जागेच्या थोडी पुढे मारून मागे आणायची, म्हणजे पहिली छिद्रं रनखाली वितळून जातात.

ग्राइंडर_चार_इंची
बेंडचा तुकडा कसा घासतोस तेही बघ. वेल्डचा उंचवटा दोन्ही बाजूंनी प्लेटबरोबर सपाट कर आणि ग्राइंडरच्या रेघा तुकड्याच्या लांबीच्या दिशेने राहू देत. आडवी रेघ राहिली तर चांगली वेल्डही तिथून उघडते. कोपरे किंचित गोल कर. ताणाच्या बाजूला ३ मिमीपेक्षा मोठी फट दिसली तर एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंग चाचणीच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे तुकडा नापास. तुझी फट मोजलीस का? आणि ती जोडावर आहे की सरळ रनमध्ये, तेवढं सांग.