'सिन्सिअर' म्हणजे खरंच 'मेणाशिवाय'?

प्रश्न (शब्दार्थी):
'सिन्सिअर' (प्रामाणिक) हे इंग्रजी विशेषण लॅटिनमधल्या 'सिने केरा', म्हणजे 'मेणाशिवाय', या शब्दांपासून आलं असं भाषणांत आणि फॉरवर्डमध्ये सतत येतं. रोमन शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवायचे, ऊन लागलं की लबाडी उघडी पडायची, म्हणून सचोटीचे विक्रेते 'मेण नाही' अशी ग्वाही द्यायचे, अशी ती गोष्ट. प्रशिक्षणाच्या टिपणात ती घालावी का? खोटी असेल तर खरी व्युत्पत्ती कोणती?

मूळशोध:
घालू नका. मूळ लॅटिन विशेषण 'सिन्केरुस'. अर्थ: धड, निरोगी, भेसळ नसलेला. ते फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत आलं. माणसाच्या मनाशी त्याची गाठ नंतर घट्ट झाली. रोमन कवी होरेसच्या पत्रकाव्यात एक ओळ आहे, तिचा आशय असा: भांडं 'सिन्केरुम' ('सिन्केरुस'चं नपुंसकलिंगी रूप) नसेल तर त्यात ओताल ते आंबतं. तिथे भांड्याचा प्रामाणिकपणा अभिप्रेत नाही, स्वच्छता आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'सिन्सिअर मिल्क' आहे, तेही निर्भेळ दूध. बायबलाच्या त्या ओळीतला मूळ ग्रीक शब्द 'आदोलोस', म्हणजे ज्यात कपट वा भेसळ नाही असं.

आता घडण पाहा. बहुतेक अभ्यासक या शब्दाचे दोन भाग पाडतात. पहिला 'एक' या अर्थाचा, जो लॅटिन 'सिंप्लेक्स' आणि 'सेमेल' (एकदा) यांत आहे, आणि संस्कृत 'सकृत्' मधल्या 'स' मध्येही. दुसरा 'वाढणे' या अर्थाचा, 'क्रेस्केरे' या क्रियापदाच्या कुळातला. 'प्रोकेरुस', म्हणजे उंच वाढलेला, या शब्दात तोच भाग दिसतो. म्हणजे 'एकाच वाढीचा', एकसंध. 'भेसळ नसलेला' हा अर्थ इथून सरळ निघतो, त्यासाठी बाजार लागत नाही की ऊन.

दगडकाम:
गोष्टीतली कारागिरीही पटत नाही. संगमरवरी पुतळ्यावर मेण लावणं ही लबाडी नव्हती, तो कामाचाच भाग होता. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसने वास्तुकलेवरच्या ग्रंथाच्या सातव्या भागात भिंतीच्या लाल रंगावर थोडं तेल घातलेलं वितळलेलं मेण ब्रशने लावायला सांगितलंय. मग ते निखाऱ्यांच्या उष्णतेने एकसारखं करून मेणबत्तीने आणि स्वच्छ फडक्याने घासायचं. उघड्या संगमरवरी मूर्तींची निगाही अशीच राखतात, असं तो लगेच पुढे म्हणतो. जिथे मेण ही निगा, तिथे 'बिनमेणाचा पुतळा' ही प्रशस्ती कशी ठरेल?

मेणाचा संबंध मात्र जुना आहे. चौथ्या शतकातल्या दोनातुस या व्याकरणकाराने तो जोडला, पण मधाशी: मेण नसलेला मध असतो तसं ते 'सिन्केरुम'. तेही नाद जुळवून दिलेलं स्पष्टीकरण आहे, तरी निदान प्राचीन आहे. शिल्पकाराच्या गोष्टीला प्राचीन आधार नाही.

पदच्छेद:
एक शंका. 'सिने' (विना) जोडून शब्द होत नाहीत असं म्हणावं, तर 'सिनेक्युअर' (कामाविना पगार देणारं पद) कसा झाला? तो 'सिने कुरा' वरूनच आलाय ना?

मूळशोध:
हो, पण तो मध्ययुगीन चर्चच्या लॅटिनमधला वाक्प्रचार आहे. भाविकांची जबाबदारी नसलेलं, नुसत्या उत्पन्नाचं पद, असा त्याचा अर्थ. अख्खा वाक्प्रचार इंग्रजीत नाम म्हणून उचलला गेला, म्हणून 'सिने' जसाच्या तसा राहिला. जुनं लॅटिन 'विना' या अर्थाचं विशेषण वेगळ्या रीतीने घडवतं. त्याच 'कुरा' (काळजी) पासून 'सेकुरुस' झालं, 'से' हा उपसर्ग लावून. इंग्रजी 'सिक्युअर' तिथला, आणि 'शुअर' हा त्याच शब्दाचा फ्रेंचमधून झिजून आलेला भाऊ. शस्त्रहीन म्हणायचं तर 'इन' लावून 'इनेर्मिस'. या दोन्ही साच्यांत 'सिने' नाही. 'सिन्केरुस' आणि 'केरा' यांचा नाद जुळतो, म्हणूनच गैरसमज टिकला.

शब्दार्थी, टिपणात एवढंच लिहा: 'सिन्सिअर: लॅटिन सिन्केरुस, निर्भेळ, एकसंध, बहुधा "एकाच वाढीचा" यावरून.' 'बहुधा' गाळू नका, कारण दोन भागांची फोड हे अनुमान आहे. 'निर्भेळ' हा अर्थ मात्र लॅटिन वापरातून पक्का आहे.