फोर-ट्रॅक कॅसेटवरचे जुने डेमो अल्बम म्हणून काढायचे आहेत, ट्रान्सफर कसा करावा?

कॅसेटखण: एका इंडी रॉक बँडचं सुरुवातीचं रेकॉर्डिंग आता प्रसिद्ध करायचं ठरलंय. चार फोर-ट्रॅक कॅसेट आहेत (एकाच टेपवर चार स्वतंत्र ट्रॅक), डब्यांवर फक्त 'डीबीएक्स' लिहिलंय, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी पद्धत. शिवाय पाव इंची रीलवर दोन मिक्स आहेत, टेप अँपेक्स 456. मूळ मशीन उरलेलं नाही. साध्या स्टीरिओ डेकवर दोनच ट्रॅक ऐकू येतात, तेही संथ. चांगला डेक आणि नंतर सॉफ्टवेअर, एवढ्यावर भागेल का? हिस, म्हणजे टेपचा सतत येणारा 'स्स' आवाज, किती काढावा?

अझिमथ: नाही भागणार. साधी कॅसेट दोन बाजूंनी वाजते, फोर-ट्रॅकमध्ये टेपची पूर्ण रुंदी एकाच दिशेने भरलेली असते. तुम्हाला ऐकू येतात ते ट्रॅक 1 आणि 2. कॅसेट उलटवलीत तर 3 आणि 4 मिळतील, पण शेवटाकडून सुरुवातीकडे. संथ वाजतंय कारण टेप सेकंदाला 9.5 सेंटिमीटर वेगाने भरलीय आणि डेक ती 4.76 ने फिरवतोय. सगळं बरोबर एक सप्तक खाली.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या उतरवायच्या आणि सॉफ्टवेअरमध्ये वेग दुप्पट करून जुळवायच्या, हा मार्ग काही जण सुचवतील. या टेपसाठी तो अजिबात नको. डीबीएक्स रेकॉर्ड करताना आवाजाचे चढउतार 2:1 दाबतं आणि वाजवताना तितकेच ताणतं. हे ताणणं मूळ वेगातच व्हायला हवं. त्यात डेकची चूकही दुप्पट होते: मळक्या हेडमुळे ट्रेबल 3 डेसिबल पडला, तर डीकोड झाल्यावर 6 पडतो.

म्हणून टॅस्कॅम 244 सारखं डीबीएक्सवालं मशीन मिळवा. त्याआधीच्या 144 मध्ये डॉल्बी ही खरखर कमी करणारी वेगळी पद्धत आहे, ते इथे निरुपयोगी. पिच नॉब (टेपचा वेग कमीजास्त करणारं बटण) मधोमध ठेवा. हेड आणि कॅप्स्टन (टेप ओढणारा दांडा) 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग डीबीएक्स बंद ठेवून अझिमथचा, म्हणजे टेपशी हेडचा कोन ठरवणारा, स्क्रू हळूहळू फिरवा, झांजा सर्वांत स्वच्छ कुठे लागतात ते ऐका आणि तिथे थांबा. डीबीएक्स चालू असताना हा फरक नीट कळत नाही. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करायचं. चारही ट्रॅक एकाच वेळी, 24 बिट 96 किलोहर्ट्झवर उतरवा, सर्वांत मोठा आवाज उणे 10 डेसिबलच्या आसपास ठेवा.

वाजवण्याआधी कॅसेटमधला फेल्टचा प्रेशर पॅड जागेवर आहे का बघा. गोंद सुकून तो गळतो, टेप हेडला टेकत नाही आणि आवाज मधेच विझतो. तसं असेल तर टेप स्क्रूवाल्या नव्या कवचात हलवा.

रीलवाला: 456 ची रील आधी लावून बघू नका! या टेपचा बाइंडर (चुंबकीय ऑक्साइड टेपला चिकटवून ठेवणारा थर) हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, टेप किंचाळते आणि ऑक्साइड हेडवर खरवडून निघतं. ती सुमारे 54 अंश सेल्सिअसला आठेक तास भाजावी लागते, मधूनमधून रील पालटत. ओव्हन नको, त्याचं तापमान वरखाली होतं. फळं सुकवायचा डिहायड्रेटर बरा. तेवढाच वेळ थंड होऊ द्या आणि मग लगेच उतरवा, कारण काही आठवड्यांत चिकटपणा परततो. ढिगात दुसरी जुनी रील असेल तर उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला तर ती अ‍ॅसिटेट या जुन्या प्लास्टिकची, ती भाजायची नाही.

कॅसेटखण: आभार. पिच नॉब मधोमध ठेवला तरी मूळ मशीनचा वेग अचूक होता कशावरून?

अझिमथ: गिटारच्या ट्यूनिंगवर जाऊ नका, बँड आपसात जुळवून वाजवतात. विजेचा हम, म्हणजे वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचा गुणगुणता आवाज, शोधा. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे याचा आलेख) काढा. 60 हर्ट्झच्या देशातल्या रेकॉर्डिंगमध्ये हम 61.2 ला दिसला तर टेप 2 टक्के जास्त वेगात वाजतेय. टेप थांबवूनही मोजा, म्हणजे तुमच्याच मशीनचा हम वेगळा काढता येईल.

हिस बराचसा राहू द्या. जास्त काढलात की झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात. गळालेल्या पॅडने किंवा वाकड्या हेडने केलेली खराबी दुरुस्त करा. अ‍ॅम्पची घरघर, काठ्या आपटून दिलेली गिनती हे त्या खोलीत घडलंय, त्याला हात लावू नका.

हक्कनोंद: मास्टरिंगवर पैसे घालण्याआधी हक्क बघा. गाण्याचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळे असतात. लवकर सोडून गेलेल्या ड्रमरचीही लेखी संमती घ्या आणि जुन्या लेबलचा करार शोधून वाचा. न्यूमेरो ग्रुप या लेबलने 2017 मध्ये हस्कर डू या बँडच्या सुरुवातीच्या काळातली 69 गाणी 'सॅव्हेज यंग डू' या संचात काढली. पण त्यांच्या 'लँड स्पीड रेकॉर्ड' या लाइव्ह अल्बमचे हक्क एसएसटी या दुसऱ्या लेबलकडे होते, म्हणून त्यात त्याच काळातल्या दुसऱ्या मैफलीचं रेकॉर्डिंग घ्यावं लागलं. तुमच्या कॅसेटवर दुसऱ्या कुणाची गाणी वाजवलेली असतील, तर त्यांचा परवाना आणखी वेगळा.