माथेरान एका दिवसात, बाबांचं वय ७६, घोडा नको आणि हातरिक्षाही नको. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुने धागे चाळले, पण सगळीकडे "माथेरानचे पॉइंट आणि फोटो" एवढंच आहे. माझी अडचण वेगळी आहे, म्हणून नवीन धागा काढते.

आम्ही दादरला राहतो. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता वय ७६. उजवा गुडघा झिजला आहे. काठी घेऊन सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर चालतात, मग कुठेतरी टेकावं लागतं. ऑपरेशनचं नाव काढलं की पेपर उघडतात. गेला महिनाभर एकच धोशा लावलाय, मला माथेरान दाखवा. १९७४ साली लग्नानंतर आईला घेऊन गेले होते, त्यानंतर पुन्हा योग आला नाही. आईला विचारलं तर म्हणते, "एकदा गेले तेवढं बास. ह्या माणसानं इतकं चालवलं होतं की दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझे पाय चेपले." पण यायला तयार आहे. शिवाय मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी.

मुक्काम करायचा नाही. बाबांना परक्या गादीवर झोप लागत नाही, आणि नवऱ्याला एकच रजा मिळते आहे. डिसेंबरमधला एखादा दिवस बघतोय.

आता खरी गोम. वर गाड्यांना बंदी आहे हे माहीत आहे. घोड्यावर बाबा बसू शकणार नाहीत, गुडघा वळतच नाही. हातरिक्षात ते बसणार नाहीत. "आयुष्यभर लोकांना बसवून नेलं, पण माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही," असं स्पष्ट सांगून झालंय, आणि ह्यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मग गाडीतळापासून बाजारापर्यंत त्यांना न्यायचं कसं? छोट्या गाडीनेच, म्हणजे टॉय ट्रेनने, वर गेलं तर जमेल का? नेरळवरून का दुसरीकडून? आणि वर पोचल्यावर त्यांना झेपेल असा एखादा तरी पॉइंट आहे का?

आगाऊ धन्यवाद.
— वरणभात

घाटवेडा: माथेरान कशाला? लोणावळ्याला जा. गाडी थेट पॉइंटापर्यंत जाते, काकांना पाऊलही टाकावं लागणार नाही.

वरणभात: सुचवून झालं. "लोणावळा एक्सप्रेस हायवेच्या वाटेवर आहे, तिकडे मुद्दाम काय जायचं," असं उत्तर मिळालं. माथेरानच हवं.

फिरस्ता_७१: मग महाबळेश्वर करा की.

घाटवेडा: @फिरस्ता_७१ अहो, दादरहून महाबळेश्वर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. एका दिवसात करायचं म्हणजे जाऊन चहा प्यायचा आणि परत फिरायचं.

नेरळची_माहेरवाशीण: ताई, माझं माहेर नेरळचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, रविवार टाळा. एक तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, दुसरं म्हणजे वर जत्रा भरलेली असते. नाताळचा आठवडा तर नावसुद्धा काढू नका. मंगळवार-बुधवार मिळाला तर सोनं. दादरहून सकाळची कर्जत किंवा खोपोली लोकल धरा. बदलापूर, वांगणी, शेलू, मग नेरळ. उलट्या दिशेची गाडी असल्यामुळे गर्दी कमी, बाबांना खिडकी मिळेल.

नेरळवरून वर जायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे छोटी गाडी, सुमारे २१ किलोमीटरचा रस्ता. दुसरा म्हणजे शेअर टॅक्सी. ती घाटाने वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरी नाक्यावर सोडते आणि त्यापुढे टॅक्सीला बंदी. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं सीटमागे की पूर्ण गाडीचं, हे विचारून घ्या.

आता तुमचा मुद्दा. नेरळहून सबंध छोट्या गाडीने जाऊ नका. ऐकायला गोड वाटतं, पण वर पोचायला अडीच तासांच्या वर लागतात. डबे चिंचोळे, समोरच्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लागतो, पाय लांब करायची सोय नाही. आणि गाडीत शौचालय नाही, हे ज्येष्ठ मंडळींना घेऊन जाताना आधी लक्षात घ्यायचं. माझ्या काकांना आम्ही हौसेने नेलं होतं. जुम्मापट्टी स्टेशनपर्यंत ते खुशीत होते, वॉटरपाइपला गप्प झाले, आणि अमन लॉज आल्यावर जे उतरले ते संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.

त्यापेक्षा टॅक्सीने दस्तुरीला जा. तिथून थोडंसं चाललं की अमन लॉज स्टेशन लागतं. अमन लॉज ते माथेरान अशी शटल चालते, तीच छोटी गाडी, तेच रूळ, पण जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. माथेरान स्टेशन भर बाजारात आहे. बाबांची गाडीची हौस फिटेल आणि गुडघाही शाबूत राहील.

वरणभात: ताई, किती छान सांगितलंत! शटलचं मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं छोटी गाडी म्हणजे नेरळहूनच.

कोळशाचं_इंजिन: शटलमध्ये मजा नाही, असं मी नम्रपणे नोंदवतो. ह्या रेल्वेची खरी करामत खालच्या घाटातच आहे. दोन फुटांचा रूळ, वीस फुटांमागे एक फूट चढ, आणि वळणं इतकी की पुढच्या डब्यातल्या माणसाला हात हलवून बोलावता येतं. सर आदमजी पीरभॉय ह्यांच्या पैशातून ती उभी राहिली आणि १९०७ साली धावू लागली. २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला, तो परत उभा करायला दोन वर्षं लागली. २०१९ च्या पावसाने पुन्हा खचला तो थेट २०२२ मध्ये नेरळपासून सुरू झाला. अजूनही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज टप्पा बंदच ठेवतात, वरची शटल तेवढी चालू असते. अशी गाडी अर्ध्यावर पकडायची म्हणजे पुरणपोळीचं नुसतं सारण खाण्यासारखं आहे.

नेरळची_माहेरवाशीण: दादा, गुडघा तुमचा नाहीये.

कोळशाचं_इंजिन: मान्य. सारण खा.

डोंगरदऱ्या: एक सावधगिरी. दस्तुरीला उतरलात की चार जण अंगावर येतील. "गाडी आज बंद आहे", "बाजार पाच किलोमीटर आहे", "सगळा चढ आहे, काका कसे चालणार". ह्यातलं काहीही ऐकू नका, सरळ अमन लॉजच्या खिडकीवर जाऊन विचारा. बाजार अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घोड्याचे पैसे मोजले आणि घोड्यावरून बघतो तर शेजारून शटल शिट्टी वाजवत चाललेली.

रानजांभूळ: मी माथेरानचाच. वरच्या दादांचं म्हणणं खोटं नाही, पण घोडेवाले सगळे तसे नाहीत. ह्या फसवणुकीचा राग गावालाच जास्त आला होता, मार्च २०२५ मध्ये त्याविरुद्ध गावाने बंदसुद्धा पुकारला होता. पर्यटक हाच इथला एकमेव धंदा, दुसरं काही पिकत नाही. धान्यापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं घोड्यावरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून वर येतं.

ताई, तुमच्या बाबांच्या अटीबद्दल सांगायचं म्हणजे आता ई-रिक्षा आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाल्या. दस्तुरी ते बाजार चालतात. गाड्या मोजक्या, त्यामुळे रांग लागते, आणि गावातली माणसंही त्यातूनच ये-जा करतात. पॉइंटांकडे नेतील ही अपेक्षा धरू नका.

आणि बाबांना हे जरूर सांगा. ई-रिक्षा मागणारे कुणी बाहेरचे नव्हते. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच कोर्टाची पायरी चढली. ओढणाऱ्याचं दुखणं ओढणाऱ्यालाच माहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. काही हातरिक्षावाले आज ई-रिक्षा चालवतातच.

वरणभात: हे बाबांना वाचून दाखवलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग बसेन." इतकंच!

चहाबाज: ई-रिक्षा येताना ठेवा, जाताना शटल. सकाळी माणूस ताजा असतो, अमन लॉजपर्यंत चालू शकतो. संध्याकाळी नाही.

आता पॉइंट. पॅनोरमा पॉइंट सगळ्यात देखणा, पण बाजारापासून फार लांब, विसरून जा. शार्लोट लेक, एको पॉइंट, लुइझा पॉइंट ही सगळी दक्षिणेकडची मंडळी. बाबांना तिथवर चालून जमणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, खंडाळा पॉइंट आणि माधवजी बाग दोन्ही बाजारापासून जवळ आहेत. खंडाळा पॉइंटवर बसायचं, खाली कर्जतकडची सपाटी दिसते, तेवढ्यावर दोन तास जातात. नवऱ्याला आणि मुलीला लुइझाकडे पिटाळा, तुम्ही तिघं इथे बसा. सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं असं कुणी सांगितलंय?

मुलीला पांढरे कपडे घालू नका. तिथली लाल माती धुतली तरी जात नाही, आमच्याकडे २०१८ सालचा एक मोजा आहे त्यावर अजून माथेरान आहे. आणि माकडं. वेफर्सचं पाकीट हातात दिसलं की गेलंच.

घाटवेडा: थंडीचं काय? स्वेटर लागेल का?

चहाबाज: आठशे मीटर उंची, मुंबईपेक्षा चार-पाच अंश कमी. डिसेंबरात दुपारी उन्हात घाम येतो, झाडाखाली आलात की गार वाटतं. पाचनंतर मात्र हवा एकदम बदलते. बाबांना कानटोपी, बाकीच्यांना एक एक स्वेटर बास.

इतिहासाचा_किडा: जाता जाता: १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने पायी वर चढला, तेव्हापासून साहेबांना माथेरान माहीत झालं. आदिवासींना ते आधीपासून माहीत होतंच, पण शोध लावायला साहेबच लागतो.

फिरस्ता_७१: जेवणाचं?

वरणभात: आई दशम्या आणि लसणाची चटणी नेणार आहे. ह्यावर चर्चा नको, आमच्याकडेही झाली नाही.

वरणभात (बारा दिवसांनी): जाऊन आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी हा वृत्तान्त.

बुधवारी गेलो. लोकलमध्ये बाबांना खिडकी मिळाली, वांगणीनंतर डोंगर दिसायला लागल्यापासून त्यांनी मुलीला शिकवणी सुरू केली. दस्तुरीला उतरल्या उतरल्या अगदी @डोंगरदऱ्या ह्यांनी लिहिल्याप्रमाणे तीन जणांनी सांगितलं की शटल बंद आहे. बाबा म्हणाले, "बंद असेल तर खिडकीवरचा माणूस सांगेल, तुम्ही कशाला त्रास घेता?" आणि काठी टेकत पुढे. खिडकी उघडी होती. रांगेत पंचवीस मिनिटं गेली, बाबांना मी कट्ट्यावर बसवलं होतं.

शटलमध्ये त्यांनी काय केलं असेल? बाकं मोजली. मग एका बाकावर किती माणसं, उभी किती, हा डबा बेस्टच्या मानाने निम्मासुद्धा नाही, असा हिशेब मुलीला ऐकवला. आईने तेवढ्यात हळूच मला सांगितलं की १९७४ सालीसुद्धा ह्यांनी हेच केलं होतं.

खंडाळा पॉइंटपर्यंत तीन वेळा टेकत टेकत पोचले. तिथे दोन तास बसून होतो. दशम्या संपल्या, एक चटणीचा डबा माकडाने नेला, पण झाकण उघडता न आल्यामुळे दरीत टाकून दिला. आई त्या डब्यासाठी अजून हळहळते आहे. नवरा आणि मुलगी शार्लोट लेक बघून आले. येताना मुलीने शेकरू पाहिलं, म्हणजे ती तसं म्हणते. नवरा म्हणतो माकडाची शेपटी होती. बाजारात चिक्की घेतली, आईने चपला घेतल्या.

चारच्या सुमाराला ई-रिक्षाच्या रांगेत लागलो. चाळीस मिनिटं. बाबांना आणि आईला पुढच्या रिक्षात जागा मिळाली, मी मागच्या रिक्षात. त्यामुळे पुढचं मला आईकडून कळलं. चालक आधी हातरिक्षाच ओढायचा, अठरा वर्षं. बाबांनी विचारलं, खांदे दुखतात का? तो म्हणाला, खांदे नाही काका, गुडघे. मग दस्तुरीपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं. कुठलं तेल, शेकायचं कधी, उतारावर जास्त दुखतं की चढावर. आई म्हणाली, "मी होते की नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं."

घरी आल्यापासून बाबांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचंय. का, ते सांगत नाहीत. शिवाय @कोळशाचं_इंजिन ह्यांचं ते पुरणपोळीवालं वाक्य मी चुकून वाचून दाखवलं आणि आता त्यांना एकदा नेरळपासून सबंध छोट्या गाडीने जायचंच आहे.

तर पुढचा प्रश्न: अडीच तास, शौचालय नाही, वय ७६. ह्यावर कुणाकडे काही उपाय?

कोळशाचं_इंजिन: आदल्या रात्रीपासून चहा बंद. मी घेऊन जातो काकांना, विचारून बघा.

चहाबाज: चहा बंद हा उपाय नाही, ही शिक्षा आहे.