स्लेप्निरला खेळात आणायचे, तर आठ पायांखेरीज त्याला काय द्यावे?

सांजवेळ:

आमचा पाच जणांचा गट दर शनिवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती खेळतो आणि सध्या डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. पुढच्या टप्प्यात गटाला मृतांच्या प्रदेशात उतरावे लागणार असल्यामुळे, नॉर्स पुराणकथांतला प्रमुख देव ओडिन याच्या स्लेप्निर या आठ पायांच्या घोड्यावर बेतलेला एक प्राणी तयार करण्याचे मी ठरवले आहे. पहिला मसुदा नेहमीच्या युद्धाश्वावरून केला: वेग 60 फुटांऐवजी 120 फूट, हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता) तिप्पट आणि एका फेरीत टापांचे चार प्रहार. कागदावर तो भक्कम वाटला. परंतु चाचणीच्या लढाईत एका खेळाडूने त्याला ‘आठ चाकांचा ट्रक’ म्हटले आणि मला ते खोडून काढता आले नाही. त्याला पंख द्यावेत का, आणि पायांची मांडणी कशी करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गारगोटी:

लघुमूर्ती घडवण्याचा छंद असल्यामुळे मी पायांपासून सुरुवात करतो. आठही पाय कोळ्यासारखे चहूकडे पसरवले, की त्यात घोडा उरत नाही. गॉटलंड बेटावर सापडलेली आणि आता स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात असलेली त्येंग्विदेची चित्रशिळा पाहावी. तिच्यावरच्या घोड्याला आठ पाय आहेत, धड मात्र साध्या घोड्याचेच आहे. मीही चार पाय पुढे आणि चार मागे ठेवून, प्रत्येक जोडीतला एक पाय किंचित मागे रेलवतो, म्हणजे दुरून पाहताना धावत्या घोड्याचे पाय डोळ्यांपुढे दुप्पट झाल्याचा भास होतो.

पंख अजिबात देऊ नयेत. ओडिन त्याच्यावरून हवेतून आणि समुद्रावरून दौडत ह्रुंगनिर या महाकायाच्या दारी येतो, पण तिथे पंखांचा उल्लेख नाही. ‘चौखूर उधळणे’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत या दौडीला शब्दच नाही, हे ओघाने आलेच. चालीचा नमुना हवा असेल, तर आइसलँडच्या घोड्यांची ‘टोल्ट’ ही चाल घ्यावी: तीत निदान एक पाय सतत जमिनीवर असतो, त्यामुळे स्वाराला हिसका बसत नाही. यावरून धावत्या घोड्यावरून बाण सोडताना स्वाराला कोणताही तोटा होऊ नये, असा नियम सहज करता येईल.

टापटीप:

वेग आणि बळ हे स्लेप्निरचे खरे वैशिष्ट्य नव्हे. त्याच्यासारखे वेगवान घोडे कोणत्याही खेळात सापडतात. तो जिवंत स्वाराला मृतांच्या राज्यात नेतो आणि परत आणतो, हे इतर घोड्यांना जमत नाही. स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात लिहिलेल्या एडा या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथात ओडिनचा मुलगा बाल्डर याच्या मृत्यूनंतर हेर्मोद हा देवांचा दूत स्लेप्निरवर बसून नऊ रात्री खोल, अंधाऱ्या दऱ्यांतून जातो आणि ग्योल नदीवरच्या, सोन्याने मढवलेल्या पुलापाशी पोचतो. पुलाची राखण करणारी मोदगुद त्याला सांगते की काल मृतांच्या पाच टोळ्या इथून गेल्या, पण तुझ्या एकट्याखालीही पूल काही कमी दणाणत नाही आणि तुझ्या अंगावर मृतांचा रंगही नाही. खेळासाठी याहून चांगला नियम कोणता मिळणार? या घोड्यावरून तुम्ही मृत्यूच्या प्रदेशात शिरू शकता, पण लपून शिरू शकत नाही.

पुढे हेलच्या, म्हणजे मृतांच्या राज्याच्या, फाटकापाशी हेर्मोद खाली उतरतो, तंग आवळतो, पुन्हा खोगिरावर बसतो आणि टाच मारतो; घोडा फाटकाला स्पर्शही न करता पलीकडे जातो. पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे बळाचा आकडा 18 असलेला प्राणी धावत येऊन जेमतेम 7 फूट उंच उडी मारतो, म्हणजे हा प्रसंग आकड्यांत बसणार नाही. ‘आधीच्या फेरीत स्वाराने उतरून तंग आवळला असेल, तर कोणतेही एक दार, भिंत किंवा फाटक ओलांडता येते’, असे सरळ लिहावे. ती एक फेरी स्वार जमिनीवर आणि शत्रूच्या आवाक्यात असणे हीच त्या उडीची किंमत. टापांचे चार प्रहार मात्र काढून टाकावेत.

कुंपणावरचा:

वरील सूचना मला मान्य आहेत, तरीही खुद्द स्लेप्निर खेळाडूंच्या हाती देऊ नये, असे माझे मत आहे. तो एकमेव आहे. अस्गार्ड या देवांच्या नगरीच्या तटासाठी दगड वाहणारा स्वादिल्फारी हा घोडा आणि घोडीचे रूप घेतलेला कपटी देव लोकी यांच्यापासून तो जन्मला, आणि तसा दुसरा होणे नाही. व्होल्सुंग सागा या जुन्या आइसलँडिक गद्यकथेत सिगुर्द या वीराचा घोडा ग्रानी हा त्याचा वंशज आहे; तो चार पायांचाच असावा, कारण सागा त्याच्या पायांविषयी काही वेगळे सांगत नाही. त्याची निवड कशी होते, ते पाहा: एक दाढीवाला म्हातारा, म्हणजे वेषांतर केलेला ओडिन, सगळे घोडे खोल नदीत लोटायला सांगतो, बाकीचे काठाकडे वळतात आणि एक करडा, कोवळा घोडा तेवढा पोहत राहतो. हा प्रसंग तुमच्या टेबलावर जसाच्या तसा उतरवता येईल. कोणी कितीही फासे टाकले, तरी घोडा ‘निवडण्याचा’ फासा नसावा. खेळाडूंनी नदीत कोण टिकतो ते केवळ पाहावे.

शिवाय ग्रानी स्वार ओळखतो. ब्रुन्हिल्डच्या घराभोवतीच्या ज्वाळा ओलांडण्यासाठी सिगुर्दचा साथीदार गुन्नार त्याच्यावर बसतो तेव्हा तो जागचा हलत नाही. सिगुर्द गुन्नारचे रूप घेऊन बसताच तो ज्वाळांत शिरतो. म्हणजे वेषांतराची कोणतीही जादू या घोड्याला फसवू शकत नाही. टापटीप यांच्या नियमाला हे पूरकच ठरेल, कारण स्लेप्निर हेर्मोदला बसू देतो, पण त्याचा वंशज वाटेल त्या स्वाराला घेऊन जात नाही.

सांजवेळ:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सुधारित मसुद्यात वेग पुन्हा 60 फूट केला आहे, हिट पॉइंट दीडपट ठेवले आहेत आणि एका फेरीत टापेचा एकच प्रहार आहे. प्राणी करड्या रंगाचा, चार पायांचा, नदीत सापडलेला. स्वार ठरल्यावर तो बदलत नाही. आठ पाय मी राखून ठेवले आहेत: ज्या क्षणी तो मृतांच्या पुलावर पाऊल ठेवील, त्या क्षणी बाकीच्या खेळाडूंना आठ टापांचा आवाज ऐकू येईल, आणि स्वाराला मात्र चारच जाणवतील. पाच टोळ्यांचे वाक्यही मोदगुदच्या तोंडी तसेच ठेवणार आहे. गारगोटी, आपल्या मूर्तीचे छायाचित्र शक्य असल्यास इथे चढवावे. खेळाडूंना ते शनिवारच्या आधी दिसू नये, एवढी काळजी मी घेईन.