नदीचं पाणी निवळलंय, उद्या कयाक घेऊन उतरू का?

नवीवल्हेवाली:
दोन महिने झाले नदीत कयाकिंग शिकतेय, आता रोल (उलटलेली होडी आत बसूनच परत सरळ करणं) शिकायला घेतलाय म्हणजे डोकं पाण्याखाली जाणारच आणि नाकातोंडात पाणी पण जातं. काल रात्री धो धो पाऊस पडला पण आज पाणी बऱ्यापैकी निवळलंय, तळाचे गोटे दिसतायत. उद्या गेलं तर चालेल ना? टाचेला बूट चावून फोड फुटलाय, छोटासाच आहे.

काठावरचा:
ताई उद्या नकोच. गाळ खाली बसला म्हणजे जंतू गेले असं नसतं हो. मोठ्या पावसात गटारं तुंबून वाहतात, रस्त्यावरची घाण, शेतातलं शेणखत सगळं नदीतच येतं, त्यामुळे निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या. पाणी तपासणीच्या रिपोर्टवरही डोळे झाकून विसंबू नका, ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) मोजायला सॅम्पल साधारण 18 ते 24 तास उबवत ठेवतात, म्हणजे हातात येतो तो कालच्या पाण्याचा रिपोर्ट, मधे पाऊस पडला की संपलं.

भोवरा:
त्या फोडाला छोटासा म्हणू नका प्लीज. मी असाच खरचटलेला गुडघा घेऊन उतरलो होतो. नवव्या दिवशी ताप भरला, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या ठणकायच्या की जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरायचो. फ्लू समजून घरच्या गोळ्या घेत बसलो. डॉक्टरांना नदीचं सांगितलं तेव्हा कुठे रक्त तपासलं आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार निघाला. त्याचा जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, जखमेतून, डोळ्यातून, तोंडातून शिरतो, लक्षणं 2 ते 30 दिवसांत कधीही दिसू शकतात. अँटिबायोटिक वेळेत मिळालं म्हणून निभावलं. ताप आला तर पहिलं वाक्य हेच बोला की मी नदीत उतरले होते.

काठावरचा:
अगदी बरोबर. जखम पूर्ण भरेपर्यंत रोल नको, नुसतं वल्हवायचं असलं तरी वॉटरप्रूफ पट्टी लावा, आल्यावर साबणाने अंघोळ, आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नका. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर बोटही बुडवू नका, ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, त्याचं विष पाणी उकळूनही जात नाही. कुत्रा सोबत नेत असाल तर त्यालाही लांब ठेवा.

नवीवल्हेवाली:
बापरे, फोडाचं मी सहज म्हणून लिहिलं होतं. उद्याचं कॅन्सल केलं, सरांना पण कळवते, आमच्या बॅचमधे दोन लहान मुलं आहेत.